निविदेत ‘सर्व्हिस डिझाइन’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि विभागप्रमुख,
महाराष्ट्र राज्य

विषय : ‘सर्व्हिस डिझाइन’च्या नावाखाली मागवली जाणारी इतर डिझाइनं

महोदय / महोदया,



आपल्या पद्धतीप्रमाणे विषय वर लिहिला आहे. संदर्भ म्हणून एखाद्या कार्यालयाची निविदा जोडता आली असती, पण एकट्या त्या कार्यालयाला बोल लावण्यात अर्थ नाही. थोड्याफार फरकाने तोच मजकूर मी ठिकठिकाणी वाचत आले आहे. शीर्षकात ‘नागरिककेंद्री सर्व्हिस डिझाइन’. आत कामाची व्याप्ती पाहावी तर मोबाइल ॲपच्या अमुक इतक्या स्क्रीन, एक बोधचिन्ह, एक शुभंकर, कार्यालयाच्या दर्शनी भिंतीची रंगसंगती आणि मराठी-इंग्रजी माहितीपत्रक. निवड एल-१ पद्धतीने, म्हणजे ज्याचा दर सर्वांत कमी त्याची. ज्या सेवेसाठी हा सगळा खटाटोप, तिचा अर्ज कोण तपासतो, तो माणूस रजेवर गेला की कागद कुठे पडून राहतो, अर्ज परत का येतात, यावर एक ओळ नसते.

यादीतली एकेक गोष्ट डिझाइनच आहे आणि प्रत्येकीला जाणकार माणूस लागतो. पण त्यात सर्व्हिस डिझाइन नाही. हा शब्दांचा कीस नव्हे. काम एक मागायचं आणि बिघाड दुसरीकडेच ठेवायचा, याची किंमत तिजोरीतून जाते आणि तालुक्याच्या गावी पुन्हापुन्हा खेटे घालणाऱ्या माणसाच्या रोजगारातूनही जाते.

डिझाइनच्या शाखांमधला फरक पुस्तकी व्याख्यांनी सांगायला बसले तर आपण पत्र बाजूला ठेवाल, आणि ते रास्तच होईल. साधनं तर सगळ्यांची तीच. आम्ही सगळेच लोकांना भेटतो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतो, कच्चे नमुने करून बघतो. फरक आहे तो जबाबदारीचा : काय बिघडलं तर कोणाला जाब विचारायचा, आणि ते सुधारण्यासाठी त्याला कशाला हात लावायची मुभा आहे. उदाहरण आपल्याच कामातलं घेते. आपल्यापैकी बहुतेकांनी निवडणूक घेतली आहे.

उमेदवाराचं चिन्ह हे ग्राफिक डिझाइनचं काम. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह होतं, कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाला ते चित्र क्षणात ओळखू आलं की ग्राफिक डिझाइनर उत्तीर्ण. मतदान यंत्र हे प्रॉडक्ट डिझाइन. ते भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या कंपन्या बनवतात, आणि त्याच्या रूपाच्या कामात पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्राच्या प्राध्यापकांचा हात होता. कळ दाबली हे बोटाला कळलं पाहिजे, दिवा दिसला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, गावात वीज नसली तरी बॅटरीवर चाललं पाहिजे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ती किती वेळ दिसावी, डोळ्याला कुठे दिसावी, हा इंटरॅक्शन डिझाइनचा प्रश्न. मतदानाचा आडोसा कुठे लावायचा, चाकाची खुर्ची आत कशी येणार, हा जागेच्या डिझाइनचा. यादीत नाव शोधायचं ॲप हा यूआय-यूएक्सचा प्रांत.

हे सगळं उत्तम झालं, तरी एवढ्याने मतदान होत नाही.

मतदान होतं ते पुढच्या गोष्टींमुळे. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्याने वाचतो, म्हणजे समोर बसलेल्या प्रतिनिधींना हरकत घ्यायची तर तेव्हाच घेता येते. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि मग नोंदवहीत सही किंवा अंगठा घेऊन मतदाराला चिठ्ठी देतो. क्रम उलटा नाही, कारण सही, चिठ्ठी आणि मत होईपर्यंत शाईला वाळायला वेळ मिळतो. तिसरा चिठ्ठी घेतो, शाई पाहतो आणि कंट्रोल युनिटची कळ दाबतो. सकाळी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान झालेलं असतं. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला ‘वरच्या ऑफिसात चौकशी करा’ असं सांगून वाटेला लावत नाहीत. त्याला प्रदत्त मतपत्रिका मिळते. आणि माझा सर्वांत आवडता नियम : वेळ संपताना रांग शिल्लक असेल तर केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतो त्या रांगेच्या शेपटापासून पुढे. पुढून वाटायला लागला, तर तो शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर मागे आणखी दहा जण येऊन उभे राहतील.

या नियमाला रंग नाही, स्क्रीन नाही, बोधचिन्ह नाही. तो हस्तपुस्तिकेतला एक परिच्छेद आहे. पण रांगेतला माणूस, केंद्राध्यक्ष, घड्याळ आणि भांडणाची शक्यता या चारही गोष्टी त्याने एका दमात सोडवल्या आहेत. सर्व्हिस डिझाइन म्हणतात ते याला. हे काम आपल्याला परकं नाही. तहसील कचेरीच्या खिडकीशी मात्र ते पोहोचत नाही, कारण तिथे ‘डिझाइन’ म्हटलं की ॲप आठवतं.

कामाचा असा ओघ कागदावर मांडायची रीत डिझाइनरने नव्हे, एका बँकरने घालून दिली. लिन शोस्टॅक अमेरिकेत बँकेत काम करत. १९८४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांनी सेवेचा नकाशा कसा काढावा यावर लेख लिहिला आणि उदाहरण घेतलं रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशचं. काम दोन मिनिटांचं, गिऱ्हाईक फार तर पाच मिनिटं थांबेल. चुकून भलत्याच रंगाचं पॉलिश लागू शकतं, ती जागा नकाशावर आधीच खूण करून ठेवायची. मग एक रेघ. तिच्या वर गिऱ्हाइकाला दिसतं ते, खाली न दिसणारं, म्हणजे पॉलिशच्या डबीची खरेदी वगैरे. पुढे १९९१पासून जर्मनीत कोलोनच्या डिझाइन विद्यालयात मिशाएल एर्लहोफ आणि बिर्गिट मागर यांच्यामुळे सर्व्हिस डिझाइन हा शिकवण्याचा विषय झाला. पण विषयाचा गाभा अजून त्या रेघेतच आहे. बाकीच्या शाखांचं बरंचसं काम रेघेच्या वर चालतं. सर्व्हिस डिझाइनला खाली उतरावंच लागतं, आणि खाली आपण बसलेले असता.

यूएक्सवाले मित्र इथे हरकत घेतील. डॉन नॉर्मन यांनी १९९३ साली ॲपलमध्ये ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे पद घेतलं तेव्हा त्यांच्या मनात माणसाचा वस्तूशी येणारा सगळाच संबंध होता, नुसती स्क्रीन नव्हती. हरकत खरी आहे. पण आज यूएक्सच्या जाहिराती, अभ्यासक्रम आणि पगार बहुतांशी फोनच्या काचेपुरते आहेत. शिवाय एक फरक उरतोच. यूएक्स डिझाइनर सहसा एका माणसाचा अनुभव धरून चालतो, जो वापरतो त्याचा. दाखल्याच्या प्रकरणात अर्जदार, सेवा केंद्राचा ऑपरेटर, तलाठी, अव्वल कारकून आणि तहसीलदार असे पाच जण एकाच कागदाला हात लावतात. त्यातल्या एकाची सोय दुसऱ्याच्या डोक्यावर गेली तर सेवा तिथेच अडकते.

आता तक्रारी.

आपण ज्याला वापरकर्ता म्हणता, तो बरेचदा वापरकर्ता नसतोच. ॲप अर्जदारासाठी म्हणून बनतं. अर्ज भरतो आपले सरकार सेवा केंद्रातला ऑपरेटर. जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, त्याच्यासमोर माणसं दाटलेली असतात. त्याला ‘स्वागत आहे’ म्हणणारं शुभंकर नको असतं. आधीच्या अर्जातला पत्ता पुन्हा टंकायला लागू नये एवढंच हवं असतं. त्याची मुलाखत घेण्याची अट मला एकाही निविदेत आढळली नाही. तीच गत कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटाची. त्याचं नाव काढलं की आपल्या कपाळावर आठी येते, हे माहीत आहे. पण कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो आणि का, हे त्याच्याइतकं स्वच्छ कोणालाच ठाऊक नसतं. लोक त्याला पैसे देतात ते याच माहितीचे.

दुसरी तक्रार घड्याळाची आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५मध्ये आला. पदनिर्देशित अधिकारी ठरले, प्रत्येक सेवेला मुदत ठरली, अपिलं ठरली, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठरला. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे मुदत संपत आली की ‘त्रुटी’ निघते, अर्ज परत जातो, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अहवालात मात्र सगळी प्रकरणं मुदतीत निकाली. यूआय डिझाइनरला बोलावलंत तर तो त्रुटीचा संदेश सुबक मराठीत लिहून देईल, तेही हवंच. सर्व्हिस डिझाइनर विचारेल की शेवटच्या दिवशी दिसलेली त्रुटी पहिल्या दिवशी खिडकीवर का दिसली नाही, ती पाहण्याचं काम तिथे कोणाकडे द्यायचं, आणि परत गेलेल्या अर्जांची मोजदाद कोण ठेवणार. या प्रश्नांचं उत्तर ॲपमध्ये नाही. ते कामाच्या वाटपात आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात आहे. त्या दोन्हींवर सही आपली असते.

सेवेचं डिझाइन बदलण्याचं सर्वांत धारदार हत्यार नियमाची ओळ हेच असतं. २०२४च्या जुलैमधली गर्दी आठवा. ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर बायकांच्या रांगा लागल्या. योजनेविषयी कोणाचं मत काहीही असो, पुढे जे झालं ते डिझाइनच्या वर्गात शिकवावं असं आहे. काही दिवसांतच निर्णय आला : पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाच्या जागी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. ‘नारीशक्ती दूत’ ॲप होतंच, पण दाखल्यांसाठीची रांग ॲपने कमी होणार नव्हती. जी माहिती शासनाकडे आधीच होती ती पुन्हा बाईकडून आणायला लावू नये, या एका निर्णयाने दाखल्याची गरजच काढून टाकली. कुठल्याही संस्थेला नुसत्या स्क्रीन बदलून हे साधलं नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. ओळ बदलली म्हणजे खिडकी बदलते असं नाही. साक्षांकित प्रती आणि प्रतिज्ञापत्रांऐवजी स्वयंसाक्षांकन आणि स्वयंघोषणापत्र चालेल, असा निर्णय शासनाने २०१५मध्येच घेतला. तरीही जात, उत्पन्न, रहिवास असे दाखले काढताना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क माफ असल्याचं २०२५मध्ये जाहीर करावं लागलं. मधल्या दहा वर्षांत खिडकीवरच्या माणसाला कोणी सांगितलं, त्याच्या हातातली जुनी कागदपत्रांची यादी कोणी काढून घेतली, ‘स्टँप आणा’ म्हटल्यावर अर्जदाराने कोणाकडे बोट दाखवायचं? ही पाठपुराव्याची कामं आपण ‘अंमलबजावणी’ म्हणून डिझाइनच्या बाहेर ठेवता. सर्व्हिस डिझाइनमध्ये निम्मं काम तेच असतं.

महापालिका आयुक्तांसाठी एक उदाहरण वेगळं देते, कारण आपल्याकडे रुग्णालयं आहेत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ११ खाटांनिशी सुरू केलं. तिथल्या कामाची घडी अशी की एका शल्यविशारदाला दोन टेबलं. एकावरचं ऑपरेशन संपतं तोवर दुसऱ्यावरचा रुग्ण तयार. तयारीचं काम प्रशिक्षित मुली करतात, त्यातल्या बऱ्याच आसपासच्या खेड्यांतल्या. ही झाली आतली बाजू. बाहेर, गावोगावच्या शिबिरांत, वेगळाच अनुभव येत होता. मोतीबिंदूचं निदान झालेले, ऑपरेशन फुकट आहे हे ठाऊक असलेले रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. बसभाडं, सोबतीला येणाऱ्याचा बुडणारा रोज, जेवणाचं काय, एकटं कसं जायचं, अशी कारणं निघाली. तेव्हा शिबिरातूनच बसने सगळ्यांना मिळून न्यायचं, जेवू घालायचं, परत आणून सोडायचं, असं ठरलं. पुढे १९९२मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायचं भिंग स्वतः बनवायला घेतलं. ते प्रॉडक्ट डिझाइन, आणि अव्वल दर्जाचं. पण बस नसती तर स्वस्त भिंग बसवायला डोळेच आले नसते. आपल्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसाठी ‘टोकन यंत्र’ मागवता, तेव्हा रुग्ण तिथून एक्स-रेला, तिथून औषधाच्या खिडकीशी आणि परत डॉक्टरांकडे कसा जातो, डॉक्टर तोवर उठून गेलेले असतात का, हे कोणी बघितलेलं असतं का?

आमच्या जमातीबद्दलही दोन शब्द. सर्व्हिस डिझाइनचा बोलबाला झाल्यापासून कालपर्यंत ‘वेब डिझाइनर’ असलेल्यांच्या पाट्या बदलल्या. प्रवासनकाशा नावाचा लांबलचक रंगीत तक्ता सादरीकरणात दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या, बिल लावायचं, असे धंदे चालतात. आपण साशंक असाल तर ते चूक नाही. तो तक्ता पाहून एकच विचारावं : यामुळे उद्यापासून कोणत्या टेबलावरचं कोणतं काम बंद होणार? उत्तर आलं नाही तर बिल थांबवावं.

मागण्या फार नाहीत. बिघाड काय आहे हे आधी ठरवा आणि मग शाखा निवडा. फलक वाचता येत नसेल तर ग्राफिक डिझाइनर बोलवा, खुर्च्या-खिडक्या चुकीच्या जागी असतील तर इंटिरिअरवाला, फॉर्म भरताना लोक चुकत असतील तर यूएक्सवाला; ही कामं छोटी आहेत, स्वस्तात आणि लवकर होतात, त्यांना सर्व्हिस डिझाइनचा मुकुट घालू नका. लोक पुन्हापुन्हा येत असतील, पैसे देऊन मधला माणूस गाठत असतील, अर्ज टेबलांमध्ये हरवत असतील, तेव्हा सर्व्हिस डिझाइन मागा. ते मागताना निवड केवळ दरावर करू नका. काम संपल्याची खूण ‘गो-लाइव्ह’ ही ठेवू नका. सेवा सुरू झाल्यावरचे निदान सहा महिने करारात धरा, कारण खरी चूक पहिल्या गर्दीत दिसते. डाउनलोड मोजायचे बंद करा आणि एका दाखल्यासाठी माणसाला किती वेळा यावं लागलं ते मोजा. आणि नवी पद्धत राज्यभर लावण्याआधी एका तालुक्यात, कारकून आणि अर्जदार समोर ठेवून, खोटे अर्ज चालवून पाहा. अभिरूप मतदान आपण घेताच.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. पुढची निविदा काढताना व्याप्तीत एक रकाना वाढवा : या कामात कोणता नियम, कोणता नमुना आणि कोणाच्या अधिकारांची वाटणी बदलता येईल, आणि ते बदलण्याची सही ज्यांची आहे ते अधिकारी दर आठवड्याला आमच्यासोबत किती वेळ बसतील. हा रकाना कोरा राहणार असेल, तर शीर्षकातून ‘सर्व्हिस’ शब्द काढा आणि चांगलं ॲप मागवा. ते करून देणारी हुशार मुलं पुण्या-मुंबईत आणि आता नाशिक-नागपुरातही पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
शासकीय कामांवर राबलेली एक सर्व्हिस डिझाइनर